दख्खनी लोकरीची बंडी: एकेरी सूत विणू की दुहेरी पिळून घेऊ?

लोकरताई (नाशिक)

मंडळी, प्रश्न विचारण्याआधी यंदा सुयांवर काय काय झालं ते सांगते. त्याशिवाय हा प्रश्न का पडला ते कळायचं नाही.

मी नाशिकला एका लोकरीच्या दुकानात काउंटरला असते. विक्री हे अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे दुकानात टांगायचे नमुने आणि गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी विणणं. नुसता गुंडा बघून फार थोडे लोक लोकर घेतात. विणलेली वस्तू हातात दिली की मात्र लगेच "हीच द्या, किती लागेल?" सुरू होतं. त्यामुळे दसऱ्यापासून संक्रांत उलटेपर्यंत माझ्या सुया रिकाम्या नसतात.

नुकताच एक बाळंतविडा पुरा केला. कुंची, टोपडं, पुढून उघडा स्वेटर, मोजे आणि दुपटं, असा पूर्ण संच. आजीबाईंना चकचकीत अ‍ॅक्रिलिकच हवं होतं, धुवायला सोपं म्हणून. मी विचारलं, घरी शेक-धुरी देणार का? हो म्हणाल्या. मग मी अ‍ॅक्रिलिकला साफ नाही म्हटलं. शेगडीची ठिणगी पडली तर ते वितळतं आणि कातडीला चिकटतं. कुंची आणि टोपडं सुती दोऱ्यात केलं, स्वेटर मऊ मेरिनोत. मोज्यांना जाळीची वीण घातली नाही. दिसायला जाळी गोड दिसते, पण बाळाची बोटं त्यात अडकतात, आणि बाळ रडतंय कशानं ते कुणाच्या लक्षातही येत नाही. घोट्याशी ओवायची दोरीही मी टाळते. तिथे दोन बोटं रुंद "एक सुलट एक उलट" घातलं की मोजा पायावर आपोआप राहतो.

दुसरं मोठं काम म्हणजे निफाडकडच्या एका द्राक्ष बागायतदार काकांचा हाफ स्वेटर. राखाडी रंग, व्ही गळा, काठाला बारा नंबरची सुई आणि अंगाला दहा नंबर. व्ही गळ्याच्या टोकाला मधला एकच टाका उभा ठेवून त्याच्या दोन्ही अंगांनी घटवत गेलं की टोक कसं रेखीव येतं, ते ह्या स्वेटरवर अगदी छान दिसतंय. निफाडची थंडी तुम्हाला ठाऊक आहे. पारा चार-पाच अंशांवर आला की द्राक्षाच्या मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, आणि हे काका त्या धगीपाशी बसलेले असतात. म्हणजे इथेही खरी लोकरच हवी. लोकर सहजासहजी पेट घेत नाही, वितळत तर नाहीच.

स्वेटर न्यायला आले तेव्हा काकांनी एक प्रश्न विचारला. "आमच्या शेतात दरसाल मेंढ्या बसवतो. त्यांची लोकर तुमच्या दुकानात का नसते?"

उत्तर माझ्याकडे होतं, पण देताना वाईट वाटलं. आमच्या फळीवरचा जवळजवळ सगळा माल लुधियान्याच्या गिरण्यांचा. त्यातल्या मेरिनोची मूळ लोकर ऑस्ट्रेलियातली. दिवाळीनंतर सिन्नरच्या रस्त्यानं मेंढ्यांचे वाडे जाताना आपण सगळे बघतो, पण त्यांच्या अंगावरच्या लोकरीचा एक गुंडा कुठल्या दुकानात मिळत नाही. मेंढी आता पाळतात ती मटणासाठी. लोकरीला गिऱ्हाईक नाही म्हणून कातरणीचा खर्चही निघत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी कातरलेली लोकर तशीच टाकून देतात. मला हे फार लागतं. मी आयुष्यभर लोकर विकत आणि विणत आले, आणि माझ्याच मुलखातली लोकर मी कधी सुईवर घेतली नव्हती.

तर आता पुढची कामं. एक मरून फुल स्वेटर उसवायचा आहे. गिऱ्हाइकाच्या वडिलांचा आहे, त्यातून मुलाला छोटा हवा आहे. (उसवायला स्वेटर आणलात तर आधी बाजूची शिवण बघा. कापून मशिनवर शिवलेला असेल तर प्रत्येक ओळीला धागा तुटलेला निघतो, त्यातून काही होत नाही. हातशिवणीचा असेल तरच अखंड धागा मिळतो.) मग एक जाळीची शाल, तिची घाई नाही. आणि तिसरं, ज्यासाठी इथे हा चर्चेचा धागा काढला: दख्खनी मेंढीच्या लोकरीची बंडी.

माझी नणंद दहिवडीला असते. तिच्याकडून एका आजींनी कातलेल्या सुताच्या काही लडी आल्या आहेत. आजी घोंगडीसाठी सूत काततात. रंग काळा म्हणायचा, पण उन्हात धरला की टोकांकडे तपकिरी झाक दिसते आणि मध्येच पांढरा केस चमकतो. हाताला लोकरीचं नैसर्गिक मेण लागतं. बोटं फिरवली की कुसळं लागतात, ती एकेक वेचून काढावी लागतात. ओली केली की मेंढीचा वास येतो, मला तो आवडतो. पण सूत एकेरी आहे आणि पीळ इतका कडक, की हातभर धागा सैल सोडला की तो स्वतःभोवतीच गुंडाळला जातो.

साध्या सुलट विणीचा (एक सुई, म्हणजे एक ओळ, सुलट, एक उलट) नमुना करून बघितला, आठ नंबरच्या सुईवर. चौकोन विणला, सुईवरून उतरवला, तर तो पतंगासारखा तिरका झाला. पाण्यात घालून, टाचण्या लावून ताणून वाळवला. टाचण्या काढल्या की पुन्हा तिरका.

आता माझे प्रश्न:

दोन तारी उलट दिशेनं एकत्र पिळून घ्याव्यात का? का एकेरीच ठेवून वीण बदलावी? मेण कितपत काढावं? आणि गळ्याशी टोचू नये म्हणून काय करावं? बंडी सदऱ्यावरून घालायची आहे, त्यामुळे अंगाला लागण्याचा प्रश्न नाही, पण मान तर उघडी असणार.

ज्यांनी ही लोकर हाताळली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा. फक्त "मेरिनो घ्या" असं सांगू नका. मेरिनो आमच्याकडे भरपूर आहे.

---

साबुदाणावीण (पुणे)

लोकरताई, बाळंतविड्याचं वाचून बरं वाटलं. जाळीच्या मोज्यांबद्दल मीही सगळ्यांना सांगून थकले.

तिरकं होण्याबद्दल: साध्या विणीत कापडाच्या पुढे सगळे सुलट, मागे सगळे उलट. पीळ एकाच बाजूला ओढत राहतो आणि प्रत्येक टाका थोडा थोडा कलतो. सुलट-उलट आळीपाळीनं आले की एकाचा कल दुसरा मोडतो. म्हणून माझं सरळ मत, एकेरीच ठेवा आणि साबुदाणा वीण घ्या, म्हणजे एक सुलट एक उलट, आणि पुढच्या सुईला त्यांची अदलाबदल. (माझं नाव त्यावरूनच आहे, तेव्हा थोडा पक्षपात समजून घ्या.) किंवा सगळ्या सुया सुलट. कापड जाड होईल, पण बंडीला जाडच चांगलं.

गळ्याला आतून मऊ खादीची पट्टी लावा. आमच्या सासूबाई खरखरीत लोकरीच्या स्वेटरला जुन्या धोतराची पट्टी लावत. धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड असतं, मानेला काहीच लागत नाही.

---

माणदेशी

दहिवडीचं नाव बघून लॉगिन केलं. ताई, माझं लहानपण सणगर आळीशेजारी, म्हणजे घोंगड्या विणणाऱ्यांच्या शेजारी गेलंय. काही गोष्टी तिथल्या लोकांकडून ऐकून-बघून माहीत आहेत त्या सांगतो.

पहिलं म्हणजे तुमच्याकडे आलंय ते बहुतेक ताण्याचं सूत. घोंगडीच्या उभ्या धाग्यांना मागावर ताण सोसायचा असतो म्हणून पीळ कडक देतात. आडव्या धाग्याचं, बाण्याचं सूत त्यामानानं सैल असतं. आजींना निरोप द्या की बाण्याचं सूत पाहिजे, आणि त्यातही थोडं मोकळं काता. त्यांना लगेच कळेल. एकदा विणायला घेतलेला तुमचा नमुना पाठवला तर अजून चांगलं. कशासाठी कातायचं ते दिसलं की हात तसा चालतो.

दुसरं, सूत कडक लागत असेल तर त्याला खळ लावलेली नाही ना ते बघा. ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. लडी कोमट पाण्यात भिजवा. पाणी बुळबुळीत झालं तर खळ आहे, ती धुऊन काढल्याशिवाय विणू नका.

तिसरं, गळ्यासाठी जावळ मागा. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ. मोठ्या मेंढीच्या लोकरीपेक्षा कितीतरी मऊ. जावळाची घोंगडी वेगळी आणि महाग असते. सगळी बंडी जावळाची करायला परवडणार नाही, पण गळ्यापुरतं मिळेल.

मेण सगळं काढू नका. आमच्याकडे पावसात घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन माणसं मेंढ्यांमागं हिंडायची. वरून पाऊस निथळून जातो तो काही प्रमाणात त्या मेणामुळे.

आणि एक विनंती. आजींना पैसे देताना घोंगडीच्या सुताच्या भावानं देऊ नका. विणायच्या सुताला वेळ जास्त लागतो.

---

लोकरताई (नाशिक)

माणदेशी दादा, तुम्ही लिहिलंत ते सगळं नणंदेला फोनवर वाचून दाखवलं. ती आजींकडे जाऊन आली. तुमचं खरं आहे, सूत ताण्याचंच होतं. खळ नव्हती, कारण ते अजून मागावर चढलंच नव्हतं. बाण्याचं सूत आजी कातून देणार आहेत. भाव त्यांनीच सांगायचा असं मी कळवलं आहे, आणि दुकानाच्या मालकांनाही सांगितलं आहे की ह्या सुतात घासाघीस होणार नाही. मालक म्हणाले, नमुना टांगा, लोक विचारतात का बघू.

साबुदाणावीण, धोतराच्या पट्टीची कल्पना फार आवडली.

तोवर हातातल्या कडक सुतावर प्रयोग सुरू आहेत. एका तुकड्याला वजन टांगून वाळवायचा सल्ला दुकानात एकीनं दिला. तो मी उसवलेल्या लोकरीला नेहमी वापरते, कुरळेपणा जातो. पण ताज्या पिळाच्या एकेरी सुताला त्याचा उपयोग तात्पुरता. वाळल्यावर धागा सरळ दिसतो, आणि कपडा पुढच्या वेळी पाण्यात गेला की पीळ परत जागा होतो. तेव्हा कुणी करणार असाल तर हे ध्यानात ठेवा.

---

ठाण्याची_एडिनबरात

ताई, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी ठाण्याची, आता बरीच वर्षं स्कॉटलंडमध्ये आहे आणि इथे विणकामाच्या नादाला लागले.

टोचण्याबद्दल आधी. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड केस कातडीवर वाकत नाही, टोचतो. मेरिनो वीसच्या आसपास असते म्हणून ती मऊ लागते. दख्खनी लोकरीत जाड, पोकळ केस भरपूर. त्यामुळे धुऊन, कंडिशनर लावून ती थोडी सुधारेल, पण मेरिनो होणार नाही. आणि व्हायची गरजही नाही, असं मला मनापासून वाटतं.

आइसलँडचं उदाहरण बघा. तिथल्या मेंढ्या नवव्या-दहाव्या शतकात वसाहत करणाऱ्या लोकांनी नॉर्वेकडून नेल्या. त्यांच्या अंगावर दोन थर असतात, वरचा लांब राठ 'तोग' आणि आतला मऊ 'थेल'. दोन्ही एकत्र ठेवून, अगदी नावापुरता पीळ दिलेली 'लोपी' लोकर होते. तिचे गोल नक्षीच्या गळ्याचे स्वेटर, लोपापेइसा, विसाव्या शतकाच्या मध्यावर रूढ झाले आणि आज देशाची ओळख आहेत. ते टोचतात! तिथे सगळे शर्टावरूनच घालतात, आणि कुणी त्याला लोकरीचा दोष मानत नाही. तो बाहेरचा कपडा आहे, संपलं. वारा, भुरभुर पाऊस, सगळं अडवतो.

त्यातून घेण्यासारखं म्हणजे पीळ कमी, सुई जाड, वीण मोकळी. राठ लोकर घट्ट विणली की पत्रा होतो. मोकळी विणली की केस फुलून मधली भोकं भरून काढतात आणि कपडा हलका राहतो. माझं मत आहे दोन तारी उलट पिळून घ्या. पीळ संतुलित होतो, कापड तिरकं जात नाही आणि झिजतही कमी.

अजून एक. इथल्या शेटलंड बेटांवर मेंढ्यांच्या मूळ रंगांना वेगवेगळी नावं आहेत, लालसर तपकिरीला मुरिट म्हणतात, आणि न रंगवलेल्या त्या रंगांतच नक्षी करतात. तुमच्या आजींकडे काळ्याबरोबर पांढरी, करडी लोकर असेल तर काठाला दोन रंगांची साधी नक्षी बघा. आणि राठ लोकरीचे टाके एकमेकांना धरून राहतात, सुटत नाहीत, म्हणून इथे अख्खा स्वेटर गोल सुईवर नळीसारखा विणून पुढून सरळ कात्रीनं कापतात. बंडी तशी करता येईल.

स्कॉटलंडच्या हॅरिस ट्वीड ह्या लोकरी कापडाला तर १९९३ चा स्वतंत्र कायदा आहे. आउटर हेब्रिडीज बेटांवर राहणाऱ्या माणसानं स्वतःच्या घरी हातमागावर विणलेलं असेल तरच ते हॅरिस ट्वीड. माझी इच्छा आहे की माणदेशातल्या लोकरीचं नावही लोकांनी असं जपावं.

---

पहिलीच_सुई

मी नवीन आहे, दोन शंका. ही लोकर लहान मुलांच्या स्वेटरला चालेल का? आणि घरी आजोबांची घोंगडी होती, तिला कसर लागून भोकं पडली. विणलेल्या कपड्यालाही तसं होईल का?

---

साबुदाणावीण (पुणे)

लहान मुलांना नको गं. त्यांची कातडी नाजूक, आणि टोचतंय हे सांगताही येत नाही. शाळकरी मुलाला शर्टावरून बंडी चालेल.

कसर खऱ्या लोकरीला लागतेच, अ‍ॅक्रिलिकला नाही. पण कसर आधी मळक्या जागी लागते. घामाचा, अन्नाचा डाग असलेला कपडा तसाच ठेवला की तिथून सुरुवात. धुऊन, कडक उन्हात दोन्ही बाजूंनी तापवून, सुती कापडात बांधून ठेवायचा आणि मधून मधून उघडून झटकायचा. कडुनिंबाचा वाळलेला पाला मी घालते.

---

लोकरताई (नाशिक)

सगळ्यांची मी मनापासून आभारी आहे. आता काय ठरलं ते लिहिते.

बाण्याच्या सुताची पहिली लड आली. आजींनी खरंच मोकळी कातली आहे, फरक हातालाच कळतो. मी अर्ध्या लडीचा एकेरीच नमुना केला आणि अर्धी टकळीवर उलट दिशेनं दुहेरी पिळून घेतली. दोन्हींचे चौकोन साबुदाणा विणीत, रिठ्याच्या कोमट पाण्यात नुसते बुडवून ठेवले. चोळले नाहीत. गरम पाण्यातून एकदम गार पाण्यात घालायचं नाही, नाहीतर लोकर आटून नमदा होतो. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढलं, सावलीत आडवे वाळवले.

एकेरीचा चौकोन सरळ राहिला, साबुदाणावीण ह्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. पण खिशाशी, बगलेशी जिथे घर्षण होईल तिथे एकेरी सूत टिकेल असं मला वाटत नाही. चिमटीत धरून घासलं की केस सुटून येतात. दुहेरीचा चौकोन सरळही आहे आणि घासूनही तसाच राहिला. तेव्हा दुहेरी पीळ आणि साबुदाणा वीण, दोन्ही.

सुई सहा नंबर, म्हणजे ५ मिमी (आपल्याकडे नंबर लहान तितकी सुई जाड). आधीची आठ नंबर घट्ट होत होती, पत्रा होतो असं एडिनबरातल्या ताई म्हणाल्या ते पटलं. चार इंचात १५ टाके बसतात. निफाडच्या काकांची छाती ३८ इंच, सदऱ्यावरून घालायची म्हणून चार इंच सैल, घेर ४२. चार इंचात १५ म्हणजे इंचाला पावणेचार, एकूण १५८ च्या आसपास. पाठीला ७९ टाके घालते, पुढच्या दोन पाखांना ३९-३९, आणि बटणपट्टी नंतर कडेचे टाके उचलून. मुद्दाम विषम संख्या घेतली आहे. साबुदाणा विणीत टाके विषम असले की प्रत्येक सुई सुलट टाक्यानंच सुरू होते आणि सुलटच संपते, बोलत बोलत विणलं तरी चालतं.

लोकर किती लागेल ह्याचा हिशेब नव्यांसाठी सांगते, कारण दुकानात हा प्रश्न रोज असतो, आणि हातकताईच्या सुताला मागे लेबल नसतं. माझा चौकोन सहा इंच बाय सहा इंच, म्हणजे ३६ चौरस इंच. दुकानातल्या काट्यावर वजन भरलं १८ ग्रॅम. म्हणजे चौरस इंचाला अर्धा ग्रॅम. घेर ४२, उंची २६, गुणाकार १०९२ चौरस इंच, म्हणजे साधारण ५४६ ग्रॅम. बगल आणि गळ्याचं थोडं वजा होईल, पट्टी, खिसे आणि शिवण वाढतील. मी ६५० ग्रॅम सांगून ठेवलं आहे. गिरणीच्या लोकरीत कमी पडली तर त्याच लॉटचा गुंडा मागवता येतो. इथे दुसऱ्या कातरणीचा रंग वेगळा येणार, म्हणून जास्तच हवी.

एडिनबरातल्या ताई, कापून उघडायची कल्पना मला मोहात पाडणारी आहे, पण ही बंडी मी तुकड्यांतच करणार. एवढं जड कापड शिवणीच्या आधारानं आकार धरतं. खांद्याला आणि बाजूंना शिवण नसेल तर वर्षभरात ती लोंबेल. दोन रंगांचा काठ मात्र करणार. आजींकडे पांढरी लोकर आहे, तीही न रंगवता तशीच घेते. खालच्या काठाला काळ्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या दोन ओळी, एवढंच. जास्त नक्षी ह्या कापडाला शोभणार नाही.

गळ्याला जावळ. नणंदेनं एक छोटी लड मिळवली आहे. ती मी मानेला लावून दुपारभर दुकानात बसले. अगदी टोचत नाही असं नाही म्हणणार, पण सहन होते. तिचीच गळपट्टी, आणि आतून धोतराची पट्टी. बटणं नारळाच्या करवंटीची आहेत, चार भोकांची. काळ्या रंगावर ती फार खुलतात. जड कापडाला बटण लावताना मागच्या बाजूनं एक छोटं चपटं बटण जोडून घ्या, नाहीतर दोरा वीण ओढतो.

पहिलीच_सुई, तुमच्या आजोबांच्या घोंगडीचं जे उरलं असेल ते टाकू नका. भोकांच्या बाजूचा चांगला भाग असेल तर त्याचं आसन होतं, कडेनं ब्लँकेट टाका घालायचा. दुकानात दाखवायला आणलंत तर मी बसून शिकवीन.

काकांना अजून सांगितलं नाही, पण बंडी त्यांच्यासाठीच आहे. एक नमुना दुकानात टांगायला वेगळा करणार, बिनबाह्यांचाच, बायकांच्या मापाचा, थोडा आखूड. मरून स्वेटर आधी उसवून त्याच्या लडी वाळत घालते, तोवर आजींची बाकीची लोकर येईल.

---

माणदेशी

ताई, दोन लोकरी एकत्र वापरताय तर एक बघा. काळी आणि पांढरी लोकर धुताना वेगवेगळ्या आटल्या तर काठ गोळा होईल. विणण्याआधी दोन्ही लडी एकाच पाण्यात धुऊन घ्या.

---

लोकरताई (नाशिक)

बरोबर. आणि जावळही त्याच पाण्यात, कारण ती पट्टी त्याच कापडाला जोडायची आहे. तिन्ही लडी सैल सुतळीनं चार ठिकाणी बांधून बुडवते, म्हणजे गुंता होणार नाही. सुतळी आधी पाण्यात उकळून घेते, तिचा रंग पांढऱ्या लोकरीला लागता कामा नये.